घाट चढताना बसणारे गचके : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा वारंवार येणारा बिघाड कसा शोधावा

सकाळी अंबाजोगाईहून निघालेली गाडी छत्रपती संभाजीनगरपर्यंत एकही गचका न देता जाते आणि त्याच दिवशी परतताना, बीड ओलांडून मांजरसुंब्याचा घाट चढू लागली की दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना इंजिन क्षणभर मोकळे सुटल्यासारखे ओरडते आणि मग मागून कोणीतरी ढकलावे तसा धक्का बसतो, हा अनुभव मी सलग दोन उन्हाळे घेतला. खंडपीठातील कामामुळे महिन्यातून तीन-चार वेळा हा रस्ता मला चुकत नाही. या काळात गिअरबॉक्सचे तेल एकदा बदलून झाले, सॉफ्टवेअर एकदा नव्याने भरून झाले आणि शेवटी व्हॉल्व्ह बॉडीच (क्लचांकडे जाणारा तेलाचा दाब वळवणारा भाग) बदलावी लागेल असा लाखाच्या घरातला अंदाजही हातात पडला. प्रत्यक्षात गिअरबॉक्समध्ये सुमारे एक लिटर तेल कमी होते, आणि ते कमी राहण्याचे कारण हे की तेल बदलल्यानंतर त्याची पातळी मे महिन्याच्या भर दुपारी, तापलेल्या गाडीत, इंजिन बंद ठेवून पाहिली गेली होती.

मराठवाड्यासारख्या भागात, जिथे एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस अंशांपुढे जाणे नवे नाही, तिथे गचक्यांचा शोध तेल आणि उष्णता या दोन गोष्टींपासूनच सुरू व्हायला हवा, हे मला फार उशिरा आणि बरेच पैसे गेल्यावर कळले. म्हणून ज्या क्रमाने हा शोध घ्यायला हवा होता, त्या क्रमाने तो येथे मांडत आहे.

आधी पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, कोणती ते ओळखावे

'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली आपल्याकडे चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. २०१४ साली सेलेरिओबरोबर आलेली आणि नंतर अनेक लहान गाड्यांत बसलेली एएमटी ही मुळात हाताने गिअर टाकण्याचीच पेटी असते. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम माणसाऐवजी एक यंत्रणा करते. त्यामुळे प्रत्येक गिअरच्या वेळी शक्ती क्षणभर तुटते आणि डोके किंचित पुढे झुकते. तो तिचा स्वभाव आहे. सीव्हीटीमध्ये दोन पुल्यांमधून पट्टा फिरतो आणि ठरावीक गिअर नसतातच; तिच्यात गचका जाणवला तर तो जवळपास नेहमीच बिघाड असतो. ड्युअल क्लच पेटीत दोन क्लच आळीपाळीने काम करतात. चौथी म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरची, जिच्यात इंजिन आणि गिअर यांना जोडणारा दुवा हा तेलाचाच प्रवाह असतो आणि प्रत्येक गिअर तेलाच्या दाबाने आवळल्या जाणाऱ्या क्लच प्लेटांच्या संचांतून मिळतो. माझी गाडी या चौथ्या प्रकारची, सहा गिअरची, डिझेलवर चालणारी आहे, आणि पुढील बरेचसे विवेचन तिच्याबद्दलच आहे. इतर तिघींबद्दल जे वेगळे सांगण्यासारखे आहे ते शेवटी येईल.

आपल्या गाडीची पेटी कोणती हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी ते पाहून जावे, कारण लहान गावांतील अनेक चांगले मिस्त्री आजही एएमटी आणि टॉर्क कन्व्हर्टर यांना एकाच नावाने संबोधतात आणि त्यातून चुकीचे तेल भरले जाण्याची भीती राहते.

गचका केव्हा येतो ते लिहून ठेवावे

गॅरेजमध्ये 'गाडी गचके देते' एवढेच सांगितले तर समोरचा माणूस अंदाजानेच बोलणार. मी तीन आठवडे गाडीत एक लहान वही ठेवली आणि शेजारी बसलेल्या माणसाकडून त्यात नोंदी करून घेतल्या. त्यांतील एक नोंद अशी आहे : 'दुपारचे ४.१०. पालीच्या पुढे घाट सुरू. एसी चालू. पुढे ट्रक. २ मधून ३. आरपीएम १,९०० वरून २,३०० वर गेले, मग धक्का. १ मधून २ ठीक. ४ च्या पुढे ठीक.' अशा दहा-बारा नोंदी जमल्यावर गोष्ट आपोआप स्पष्ट होऊ लागली. सकाळी एकही नोंद नव्हती, सपाट रस्त्यावर फारशी नव्हती, आणि धक्का बसण्याआधी प्रत्येक वेळी आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, वर गेले होते.

ही शेवटची खूण फार मोलाची आहे. गिअर बदलताना आरपीएम आधी वर जाऊन मग धक्का बसत असेल, तर पुढच्या गिअरचा क्लच वेळेवर आवळला जात नाही आणि उशिरा, एकदम आवळला जातो, असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे तेलाचा दाब कमी पडतो आहे किंवा क्लच प्लेटा झिजल्या आहेत. याउलट आरपीएम मुळीच न वाढता कडक ठोका बसत असेल, तर दाब गरजेपेक्षा जास्त आहे किंवा गिअर बदलणाऱ्या गाडीतील संगणकाला चुकीची माहिती मिळते आहे. गाडी उभी असताना 'पी'मधून (पार्क) 'डी' (ड्राइव्ह) किंवा 'आर'मध्ये (रिव्हर्स) टाकल्यावरच ठोका बसत असेल, तर आधी इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग, म्हणजे त्यांना धरून ठेवणारे रबरी आधार, पाहावीत. 'डी'मध्ये टाकल्यावर गाडीला पकड यायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर तेल कमी असणे किंवा आतील सील कडक होणे हा संशय धरावा. आणि साठ ते ऐंशीच्या वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर, गाडी रम्बलरवरून जावी तशी थरथरत असेल, तर ती टॉर्क कन्व्हर्टरच्या आतील लॉक-अप क्लचची (इंजिन आणि गिअर यांना तेलाऐवजी थेट जोडणाऱ्या क्लचची) थरथर असण्याचा संभव मोठा असतो.

ही थरथर ओळखण्याची एक सोपी रीत आहे, मात्र ती मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे कोणतेही वाहन नसतानाच करावी. थरथर चालू असताना ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकच्या पेडलला इतकाच हलका स्पर्श करावा की मागचे लाल दिवे लागतील. ब्रेकची खूण मिळताच संगणक लॉक-अप सोडतो. त्याच क्षणी थरथर थांबली तर दोष लॉक-अपकडे आहे. थांबली नाही तर टायर, ॲक्सलचे जॉइंट किंवा इंजिनातील मिसिंग यांच्याकडे वळावे.

गिअरबॉक्सच्या बाहेरची कारणे

अनेकदा गिअरबॉक्सचा काहीच दोष नसतो. इंजिन किती जोर लावत आहे याचा हिशेब संगणक हवेच्या सेन्सरवरून आणि इंधनावरून करतो आणि त्यानुसार क्लच किती दाबाने आवळायचा ते ठरवतो. हिशेब चुकला की दाबही चुकतो. आपल्याकडे कापसाच्या आणि उसाच्या हंगामात, त्यातून कच्च्या रस्त्याने शेतावर ये-जा असेल तर, एअर फिल्टर पुस्तिकेतील मुदतीच्या कितीतरी आधी मातीने भरतो. तो काढून उजेडासमोर धरावा आणि पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बदलावा. हवेच्या सेन्सरवर बसलेली धूळ त्याच्यासाठी मिळणाऱ्या खास स्प्रेनेच साफ करावी. कापडाने किंवा ब्रशने पुसू नये. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग आणि कॉइल, डिझेल गाडीत काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारी झडप), यांच्यामुळे येणारे हिसकेही गिअरचे गचके वाटतात. ओळख सोपी आहे : गिअर बदलत नसतानाही हिसका बसतो का, ते पाहावे.

माउंटिंगची तपासणी दोन माणसांनी करावी. एकाने आत बसून हँडब्रेक ओढून, ब्रेक घट्ट दाबून 'डी' आणि 'आर' यांत आलटून पालटून गिअर टाकावा आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून उघड्या बॉनेटमधून इंजिनाकडे पाहावे. गाडीच्या पुढे कोणीही उभे राहू नये. इंजिन थोडे डोलणे स्वाभाविक आहे, पण ते एका बाजूला चांगलेच उचलले जाऊन आपटत असेल तर रबर फाटलेले आहे. काळ्या मातीच्या पट्ट्यातले रस्ते पावसाळ्यानंतर लाटांसारखे वरखाली होतात आणि त्या रस्त्यांवर माउंटिंगचे रबर लवकर जाते, असे मला तरी दिसून आले आहे.

बॅटरी आणि वायरिंग यांच्याकडेही एक नजर टाकावी. व्होल्टेज खाली गेले की सोलेनॉइड, म्हणजे गिअरबॉक्समधील तेलाच्या वाटा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या विजेच्या झडपा, मनासारखे काम करीत नाहीत. बॅटरीचे टर्मिनल, गिअरबॉक्सला येणारी अर्थची पट्टी आणि गिअरबॉक्सवरचे मोठे कनेक्टर यांवर हिरवट गंज आहे का ते पाहावे. गाडी शेतातल्या शेडमध्ये किंवा सरकीच्या गोण्यांजवळ उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये.

तेल : रंग, वास आणि पातळी

आता मूळ मुद्द्याकडे येतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या पेटीतील तेल, ज्याला एटीएफ म्हणतात, ते एकाच वेळी चार कामे करते : शक्ती पोहोचवणे, क्लच आवळणे, भाग वंगणे आणि उष्णता बाहेर नेणे. ते साधारण ऐंशी ते पंचाण्णव अंशांच्या आसपास सुखाने काम करते. एकशे वीस अंशांच्या वर ते वारंवार गेले तर त्याचे आयुष्य झपाट्याने कमी होते, त्यातील घर्षण नियंत्रित करणारी रसायने संपू लागतात आणि क्लच गुळगुळीत न बसता हिसक्याने बसू लागतात.

तेलाचे दोन-चार थेंब पांढऱ्या सुती कापडावर घ्यावेत आणि पाच-दहा मिनिटे थांबावे. बहुतेक तेले नवी असताना लाल असतात, काही पिवळसर किंवा हिरवटही असतात, म्हणून रंगाची तुलना त्याच तेलाच्या नव्या डब्याशी करावी. तपकिरी रंग म्हणजे तेल म्हातारे झाले आहे. काळपट रंग आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेटा घसरल्या आहेत. दुधात रंग कालवल्यासारखे गुलाबी, फेसाळ तेल दिसले तर गाडी एक किलोमीटरही चालवू नये, कारण रेडिएटरच्या आत असलेला तेलाचा कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलेले असते. गिअरबॉक्सच्या तळातील चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणे ठीक आहे. टोचणारे चमकते तुकडे असतील तर पेटी उघडण्याला पर्याय नाही.

पातळीच्या बाबतीत मात्र सर्वांत जास्त चुका होतात. जुन्या पेट्यांना तेल मोजण्याची पट्टी असे. आजच्या अनेक पेट्यांना ती नसते. तळाशी एक लेव्हल प्लग असतो आणि त्याच्या आत एक उभी नळी असते. गाडी रॅम्पवर चारही बाजूंनी समपातळीत, इंजिन चालू, गिअर 'पी'मध्ये आणि तेल ठरावीक तापमानावर असताना प्लग उघडायचा. धार वाहून बारीक होत थेंबांवर आली की पातळी बरोबर. हे ठरावीक तापमान काही पेट्यांसाठी ३५ ते ४५ अंश असते, काहींसाठी ५० ते ६०, आणि आपल्या पेटीचा आकडा दुरुस्ती पुस्तिकेत पाहूनच काम करावे लागते.

आता मे महिन्यातील बीड किंवा परभणी डोळ्यांसमोर आणावी. हवेचेच तापमान बेचाळीस अंश आहे, गाडी उन्हात उभी होती, ती चालवत गॅरेजपर्यंत आणलेली आहे. म्हणजे तेल ऐंशी-पंचाऐंशीच्या पुढे आहे. तापलेले तेल फुगते. सुमारे सात लिटर तेल चाळीसऐवजी पंचाऐंशी अंशांवर असेल तर ते अंदाजे पाव लिटरने फुगलेले असते आणि तो पाव लिटर 'जास्तीचा' समजून बाहेर सोडून दिला जातो. इंजिन बंद असेल तर नुकसान याहून मोठे होते, कारण टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये फिरणारे तेल खाली उतरते, तळाची पातळी वर येते आणि प्लग उघडल्यावर बरेच तेल वाहून जाते. माझ्या गाडीत या दोन्ही चुका एकत्र झाल्या होत्या. तेल उत्तम प्रतीचे होते, योग्य प्रकारचे होते, आणि तरीही गचके आधीपेक्षा वाढले.

घाटातच त्रास का होत असे, याचा उलगडाही येथेच होतो. चढावर तेल मागे सरकते. पातळी आधीच कमी असेल तर पंपाच्या तोंडाशी तेलाबरोबर हवाही येते, तेल फेसाळते आणि फेसाला दाब धरता येत नाही. क्लच अर्धवट आवळला जातो, आरपीएम वर जातात, मग तेल पुन्हा पोहोचते आणि क्लच एकदम बसतो. वहीतील त्या नोंदीचा अर्थ एवढाच होता.

ती सकाळ

संभाजीनगरला एका परिचितांनी ज्या उस्तादांचे गॅरेज दाखवले, त्यांनी वही शांतपणे वाचली, तेल कोणत्या महिन्यात आणि किती वाजता बदलले होते एवढेच विचारले आणि म्हणाले, "सर, गाडी रात्रीच इथं लावून जा आणि सकाळी सहाला या. ऊन चढल्यावर हे काम मी हातात घेत नाही."

सकाळी सहाला गाडी रॅम्पवर चढवलेली होती. उस्तादांनी स्पिरिट लेव्हलची पट्टी गिअरबॉक्सच्या तळाला लावून पाहिली, एका चाकाखालचा ठोकळा किंचित सरकवला, गाडीच्या संगणकातील माहिती दाखवणारा स्कॅनर जोडला आणि पडद्यावर फक्त तेलाचे तापमान ठेवले. ते एकतीस अंश होते. इंजिन सुरू करून, एसी बंद ठेवून, ब्रेक दाबून त्यांनी 'पी'पासून 'डी'पर्यंत प्रत्येक ठिकाणी चार-पाच सेकंद थांबत गिअर फिरवला, म्हणजे सर्व वाटांमध्ये तेल भरले जाईल. अडतीस अंशांवर त्यांनी प्लग उघडला. एक थेंबही आला नाही. त्यांनी हाताच्या पंपाने वरच्या बाजूने तेल भरायला सुरुवात केली; शंभर मिलिलिटर, थांबणे, पुन्हा शंभर. मी खाली बसून त्या भोकाकडे पाहत होतो. नऊशे पन्नासच्या सुमारास काठाशी एक लाल थेंब धरला, सुटला, मग दुसरा, आणि मग दोऱ्याएवढी धार आली. ती पुन्हा थेंबांवर येईपर्यंत ते थांबले, तापमान एकेचाळीस अंश असल्याचे मला दाखवले, नवा वॉशर टाकला आणि प्लग ठरलेल्या ताकदीनेच टॉर्क रेंचने आवळला. सगळे मिळून चाळीस मिनिटेही लागली नाहीत.

त्या दिवशी परतताना घाटात आरपीएम उसळले नाहीत. थोडासा धक्का मात्र राहिला होता, आणि तो का राहिला हेही समजून घेण्यासारखे आहे. संगणक क्लचच्या वागण्यावरून शिकत असतो. दाब कमी पडतो म्हणून त्याने महिनोन्‌महिने दाब वाढवत नेलेला असतो, आणि तेल पूर्ण झाल्यावर तोच वाढलेला दाब कडक ठोका देतो. अशा वेळी स्कॅनरने जुनी शिकवण पुसून, तेल तापलेले असताना, मोकळ्या रस्त्यावर हलक्या आणि मध्यम ॲक्सिलरेटरने गाडी थांबवत, पुन्हा सर्व गिअरमधून नेत चालवावी लागते. आम्ही हे गेवराईच्या पुढच्या सरळ रस्त्यावर, रहदारी सुरू होण्याआधी केले. तेल अपुरे असताना ही शिकवण पुसण्यात काहीच अर्थ नाही, कारण संगणक पुन्हा तेच शिकतो. आधीच्या गॅरेजमध्ये सॉफ्टवेअर नव्याने भरल्यानंतर जेमतेम आठवडाभर बरे वाटण्याचे कारणही हेच होते.

तेल बदलताना

'या पेटीचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही' हे वाक्य अनेकांनी ऐकलेले असते. जर्मनीची झेडएफ ही अशा पेट्या बनवणारी मोठी कंपनी स्वतःच्या पेट्यांसाठी वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलण्याचा सल्ला देते, आणि आपला वापर कठोर वापरातच मोडतो, म्हणून मी तरी ८०,००० च्या पुढे थांबण्याच्या मताचा नाही. खालचा नट काढून फक्त निम्म्याच्या आसपास तेल निघते, बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. आठ लिटरपैकी चार निघाले तर एका बदलात निम्मेच तेल नवे होते. मध्ये काही शे किलोमीटर चालवून दुसऱ्यांदा बदलले की पंचाहत्तर टक्के, तिसऱ्यांदा सुमारे सत्त्याऐंशी टक्के. वेळ लागतो, पण खूप चाललेल्या गाडीत यंत्राने दाब देऊन सगळे तेल एकदम ढकलण्यापेक्षा मला ही रीत सुरक्षित वाटते. तेल मात्र पुस्तिकेत नाव दिले आहे त्याच प्रकारचे हवे. 'सगळ्यांना चालते' असे सांगून मोकळ्या ड्रममधून दिले जाणारे तेल कोणत्याही सवलतीत घेऊ नये.

तेल ठीक असूनही ते पुन्हापुन्हा तापत असेल तर कूलरकडे पाहावे. रेडिएटरसमोरच्या जाळीत सरकीचे तंतू, किडे आणि मातीचा थर बसतो. तो मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा, नाहीतर पंख वाकतात. याहून घातक सवय म्हणजे कूलंट कमी झाले की रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतणे. आपल्या बोअरचे पाणी क्षारयुक्त असते, किटलीत बसतो तसाच पांढरा थर ते रेडिएटरच्या नळ्यांत बसवते, आणि ज्या गाड्यांत एटीएफचा कूलर रेडिएटरमध्येच असतो तिथे इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही तापू लागतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रण गाडीत एक लिटरच्या बाटलीत भरून ठेवणे काही अवघड नाही.

ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे घाटात अडकल्यावर गाडी 'डी'मध्ये सोडली तर ती दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये सतत घुटमळत राहते आणि तेल तापते. अशा वेळी मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर धरून ठेवावा. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये.

आणि तरीही गचके राहिले तर

तेल, पातळी, माउंटिंग, हवा आणि वायरिंग हे सर्व निर्दोष ठरल्यावरच आतल्या भागांवर संशय घ्यावा. स्कॅनरवरील कोड पूर्ण लिहून घ्यावेत : पी ०७३० म्हणजे अपेक्षित गिअर गुणोत्तर मिळत नाही, पी ०७४१ म्हणजे लॉक-अप क्लच नीट धरत नाही, पी ०२१८ म्हणजे तेल मर्यादेपलीकडे तापले. कोड हा पत्ता नव्हे, तो गल्लीपर्यंत नेतो. पी ०७३० सोलेनॉइडमुळेही येतो, झिजलेल्या क्लचमुळेही आणि केवळ तेल कमी असल्यामुळेही. व्हॉल्व्ह बॉडी बदलण्याचा सल्ला मिळाला तर तेलाचा दाब प्रत्यक्ष मोजला का, हे नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे. पुष्कळ पेट्यांत एकेकटे सोलेनॉइड बदलता येतात आणि व्हॉल्व्ह बॉडी साफ करून भागते. ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची स्टॉल टेस्ट कोणाच्या सांगण्यावरून घरी करू नये. त्यात तेल काही सेकंदांत भयंकर तापते.

एएमटीच्या मालकांनी गिअर बदलण्याच्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल करून पाहावा. निम्म्या तक्रारी तिथेच कमी झालेल्या मी पाहिल्या आहेत. तरीही उभ्या गाडीतून निघताना ती थरथरत असेल तर क्लच प्लेट, तिची शिकवण आणि क्लच चालवणाऱ्या यंत्रणेतील स्वतंत्र तेल पाहावे. तिची मोटर बॅटरीवर चालते, म्हणून अशक्त बॅटरी तिला इतर कोणत्याही प्रकारापेक्षा लवकर बाधते. कोरड्या (तेलात न बुडलेल्या) क्लचची ड्युअल क्लच पेटी रांगत्या रहदारीत तापते. पुढच्या गाडीमागे इंच इंच सरकण्याऐवजी थोडे अंतर पडू द्यावे आणि मग एकदाच पुढे जावे. सीव्हीटीमध्ये तिचेच तेल लागते, साधे एटीएफ मुळीच चालत नाही, आणि तिच्यात थरथर सुरू झाल्यावर तेल बदलायला एक महिनाही लावू नये, कारण पट्टा पुलीवर घसरून ओरखडे पडले की ते भरून निघत नाहीत.

माझ्या गाडीत 'पी'मधून 'डी'मध्ये टाकताना बसणारा एक मंद ठोका आणखी महिनाभर राहिला होता. तो मागच्या माउंटिंगचा निघाला. रबर मधोमध चिरलेले होते, आणि ते बदलायला अंबाजोगाईतच एक तास लागला. त्यानंतर घाटातून सत्तावीस फेऱ्या झाल्या आहेत आणि त्या वहीत नवी नोंद झालेली नाही. तेलाची पुढची बदली १,३६,००० किलोमीटरला आहे. ती कोणत्याही महिन्यात आली तरी सकाळी सहाला, आणि आदल्या रात्री गाडी गॅरेजमध्ये लावून, असे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.